उसनी ऊब

सुनीतीने पिपेटमधून काचेच्या नळीत हलकेच उच्छ्वास सोडला आणि रबरी बूच अंगठ्याने दाबून बसवलं. माणसाच्या उच्छ्वासात असतो साधारण तेवढाच कर्बवायू या अंड्यांना लागतो. वायूचा सिलिंडर संपून तीन महिने झाले होते आणि मागणीचा कागद कुठल्याशा टेबलावर पेपरवेटखाली निजला होता. तेव्हापासून ती आपलाच श्वास त्यांना वाढत होती, थोडा थोडा, सांडू न देता.

बूच बसलं आणि डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला. उबवणीच्या कपाटावरचा तांबडा दिवा विझला.

तिने आधी घड्याळ पाहिलं. साडेबारा. मग कपाटातला थर्मामीटर. एकोणचाळीस. आतली ऊब अर्धा तास टिकली असती, फार तर पाऊण.

"दीदीमणी, हे लोडशेडिंग नाही," शिपाई हरिपद दारातून बंगालीत म्हणाला. "कोपऱ्यावरची केबल जळालीय. उद्या दुपारपर्यंत बत्ती नाही. आणि आज शनिवार. एकला मी कुलूप लावणार."

"मी स्पिरिटचा दिवा लावून बसले तर?"

"रिकाम्या इमारतीत, एकट्या?" हरिपदने जीभ चावली. "लाहिडीबाबू माझी मान कापतील. आणि तुमच्या त्या डुकराच्या पोरांचं काय एवढं? सोमवारी टेंगऱ्याला दुसरी मिळतील की."

दुसरी मिळणार नव्हती. ते हरिपदला सांगून उपयोग नव्हता.

चार वर्षं ती आठवड्यातून दोनदा पहाटे टेंगऱ्याच्या कत्तलखान्यात जात होती. तिथला लियांग नावाचा चिनी खाटीक डुकरिणींचे बीजकोश तिच्या थर्मासमधल्या कोमट मिठाच्या पाण्यात सोडायचा. बागबाजारच्या या खोलीत आल्यावर ती त्यांतून सुईने अंडी ओढून घ्यायची, दोन दिवस उबेत पिकवायची आणि मग वराहाच्या बीजाशी त्यांची गाठ घालून द्यायची. आईच्या पोटात जे आपसूक होतं ते काचेत घडवायचं. घडत नव्हतं. कधी अंडं पिकायचंच नाही, तर कधी एकाच्या जागी दहा शुक्रजंतू आत घुसायचे आणि सगळं नासायचं. संस्थेत तिच्या खोलीला सुअरघर म्हणत. चार वर्षांत 'आज काय झालं?' असं तिला विचारणारा माणूस एकच. सुरा न थांबवता लियांग विचारायचा, "दीदी, कुछ बना?" ती मान हलवायची. तो म्हणायचा, "बनेगा."

आज सकाळी बनलं होतं.

एकतीस अंड्यांतली तीस सडली होती. एकतिसावं तिने खिडकीपाशी नेलं, सूक्ष्मदर्शकाच्या आरशात फाल्गुनातलं ऊन धरलं आणि वाकून पाहिलं. डुकराचं अंडं चरबीने काळपट असतं, आषाढातल्या ढगासारखं. त्या ढगाच्या बरोबर मधून एक रेघ गेली होती. दोन अर्धुकं एकमेकांना टेकून बसली होती, थंडीत दोन पोरं एका घोंगडीत बसावी तशी. सुनीतीने डोळा काढला, चष्म्याची काच पदराने पुसली आणि पुन्हा लावला. दोनच होती. सारखी, गोल, शहाणी.

मागे वळून कुणाला तरी सांगावं म्हणून ती वळली होती. खोलीत एक रिकामं स्टूल होतं.

संस्थेचे प्रमुख लाहिडीसर, त्यांना सांगितलं, तर त्यांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही. "सडतानाही अंडं दुभंगतं, मिसेस आठल्ये. सोमवारी मला चार पेशी दाखवा, प्रत्येकीत एकेक केंद्रक. नाहीतर ही खोली कोंबड्यांच्या लसीला द्यायचं ठरलेलं आहे." सर वाईट नव्हते. चार वर्षं त्यांनी वाट पाहिली होती आणि आता ते दमले होते.

दोनाचे चार व्हायला एक दिवस लागतो. तेवढा वेळ ऊब हवी. थर्मास असता तर काम भागलं असतं, पण त्याची आतली काच मंगळवारीच ट्रॅमच्या पायरीवर फुटली होती. घरी स्टोव्ह होता, पातेलं होतं, ताप बघायचा थर्मामीटर होता. कोमट पाण्यात नळी धरून ती सोमवारपर्यंत बसली असती. प्रश्न फक्त घरी पोचेपर्यंतचा होता.

तिने नळी कापसात गुंडाळली, वरून हातरुमालाचा वेढा दिला. नळी आडवी होऊन चालणार नव्हतं आणि ट्रॅममध्ये दांडी धरायला हातही मोकळे हवे होते. हरिपदकडे पाठ करून तिने ती कनवटीला खोचली, उभी, कातडीला लागून. काचेच्या उघड्या टोकाचा स्पर्श आधी गार लागला. मग लागेनासा झाला.

घरी सरळ जाताही येत नव्हतं. बालीगंजला सरलाकाकूंकडे त्यांच्या सुनेचं, प्रतिभाचं डोहाळजेवण होतं. सुनीतीने यापूर्वी तीन डोहाळजेवणं चुकवली होती आणि प्रत्येक वेळी मागाहून कुणीतरी म्हणालं होतं, "तिला नको वाटत असेल, बिचारीला." भालचंद्रने सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं होतं, "या खेपेला जा. मी ऑफिस सुटल्यावर तिथेच येतो." एवढं बोलणं त्यांच्यात एका सकाळी पुष्कळ झालं.

भालचंद्र रेल्वेच्या सिग्नल विभागात होता. गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये सकाळची पूजा, दुपारचा डबा, संध्याकाळचा रेडिओ, सगळं वेळेवर. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोघांनाही तपासून कुणातच काही खोट नाही असं सांगितलं, आणि मग रागवायलाही कुणी उरलं नाही. त्या विषयावर दोघं बोलायचे थांबले आणि हळूहळू बाकीच्या विषयांवरही. सुनीती टेंगऱ्याला जायला लागली तेव्हा तो चकार शब्द बोलला नाही. फक्त न्हाणीघरात एक वेगळी लोखंडी बादली आली, आणि दाराबाहेर तिचं लुगडं टाकायला एक वेगळा खिळा. ती त्या बादलीने न्हायची, मग घरात यायची. तोवर त्याचं जेवण झालेलं असायचं.

ट्रॅममध्ये बसायला जागा नव्हती. एका हाताने दांडी धरून, दुसरा हात पोटाशी ठेवून ती उभी राहिली. गाडीने वळण घेतलं की ती तळहाताने नळी झाकायची. काटेसावरीची लाल फुलं रुळांवर पडली होती आणि त्यांच्यावरून चाकं जात होती. एका म्हाताऱ्या बंगाली गृहस्थाने तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून जागा दिली. "बोशुन मा," तो म्हणाला. तिला वाटलं, आपण फार दमलेल्या दिसत असू.

* * *

"या, या, डुकरांच्या डॉक्टरीणबाई!" दारातच मीनाक्षीने आवाज दिला. तिचा नवरा बँकेत होता आणि वर्षभरापूर्वीच नागपूरहून बदलून आला होता. "हात धुऊन आलात ना? नाहीतर आमची उत्सवमूर्ती न्हाऊन बसलीय."

"मीनाक्षी, तुझी जीभ तेवढी धुऊन ये आधी," सरलाकाकू आतून म्हणाल्या. चाळीस वर्षं कलकत्त्यात काढून त्यांच्या हातच्या पुरणपोळीत खजुराचा नोलेन गूळ शिरला होता, पण बोलणं सदाशिव पेठेतलं तसंच होतं. "ये गं सुनीती. कधी नव्हे ती आलीस."

दिवाणखान्यात झोपाळ्याला रजनीगंधा बांधली होती. प्रतिभा हिरव्या शालूत, फुलांच्या मुकुटाखाली घामेजून बसली होती. वाटीखाली पेढा की बर्फी ओळखायचं, पण पेढे मिळाले नव्हते म्हणून छेन्याचा बंगाली संदेश ठेवला होता आणि त्याचा अर्थ मुलगा लावायचा की मुलगी यावर बायकांचं भांडण जुंपलं होतं.

"संदेश म्हणजे बंगाली होणार पोर!" मीनाक्षी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

सुनीती खाली सतरंजीवर बसली नाही. वाकलं तर नळीवर दाब आला असता. ती स्वयंपाकघराच्या दाराशी, चुलीची धग येते तिथे खुर्ची ओढून टेकली. सरबताचा गार पेला पुढे आला तो तिने डाव्या हाताने बाजूला सारला.

"गार नको."

"मग कॉफी?"

"काहीच नको. मी इथे बरी आहे."

सरलाकाकूंनी पेला परत घेतला आणि जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग झोपाळ्यापाशी जाऊन त्यांनी गळा मोकळा केला. काकूंच्या आवाजात आता कंप आला होता, पण ओवी अजून जात्यासारखी फिरत यायची.

पहिल्या ग महिन्यात, कुणा सांगू नये काही
मुठीमधला काजवा, मूठ उघडू नये बाई

दुसऱ्या ग महिन्यात, पाण्याचंही ओझं झालं
उंबऱ्याच्या आत माझ्या, कुणी पाऊल ठेवलं

सुनीतीचा हात आपोआप कनवटीवर गेला. रुमालातून काच हाताला लागली. कोमट होती, पण पुरेशी नाही. माणसाचं अंग डुकरापेक्षा दोन अंशांनी गार, आणि तिचं तर कमरेपाशी त्याहूनही. आत तो ढग दोन अर्धुकांचा थिजत चालला असेल का? की अजून विचार करत असेल, चार व्हावं की नाही? तिने पदर पुढे ओढून हातावर घेतला.

ओवी थांबली तेव्हा काकू तिच्यासमोर उभ्या होत्या.

"आत ये जरा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटलं. ओल्या हाताने सुनीतीची हनुवटी वर केली आणि डोळ्यांत पाहिलं.

"किती दिवस गेले?"

सुनीतीला कळायला क्षणभर वेळ लागला. मग सगळं एकदम कळलं: ट्रॅममधला म्हातारा, खुर्ची, सरबत, हात.

"काकू, तसं..."

"माझ्यापासून लपवतेस? बारा बाळंतपणं केलीत या हातांनी. माझी नजर कधी चुकली नाही." काकूंचे डोळे भरून आले होते. "अकरा वर्षं, बाई. अकरा वर्षं दर अष्टमीला कालीघाटला तुझं नाव घेत होते मी. कुणाला बोलले नाही."

'नाही' म्हणायला सुनीतीने तोंड उघडलं. काकूंचा तळहात तिच्या गालावर होता. हळद, वेलची आणि जुन्या साबणाचा वास. या शहरात इतक्या वर्षांत तिच्या गालाला कुणी हात लावला नव्हता. ती उभी राहिली, एवढंच. काकूंनी त्याचाच होकार धरला.

"थांब. रिकामी नाही जाऊ द्यायची."

त्यांनी ताटलीत तांदूळ घेतले, नारळ घेतला, हळकुंड, सुपारी, खण. सुनीतीला दोन्ही हातांनी पदर पसरावा लागला. नळीवरचा हात निघाला. पहिली ओंजळ पडली, दुसरी, तिसरी. तांदूळ ओटीत सांडताना पावसासारखा आवाज होत होता. पाचव्या ओंजळीनंतर काकूंनी नारळ ठेवला. तो जड होता, आणि बरोबर कनवटीवर टेकला. सुनीतीने पोट आत ओढून घेतलं आणि श्वास रोखला.

"सुखरूप राहा," काकू म्हणाल्या. "आणि आजपासून ते टेंगरं बंद."

बाहेर येईपर्यंत बातमी तिच्या आधी दिवाणखान्यात पोचली होती. मीनाक्षीने स्वतःची उशी तिच्या पाठीशी आणून ठेवली. झोपाळ्यावरून प्रतिभा हसली. दुपारभर बायका तिच्याशी नुसत्या बोलत होत्या: झोप लागते का, मळमळतं का, आंबट हवं का. सुनीती "हं" म्हणत होती. प्रत्येक "हं" नंतर तिचे हातपाय आणखी गार पडत होते. पाच वाजले की भालचंद्र येणार होता.

तो पाचला पाच कमी असतानाच आला. जिन्याच्या दाराशी काकूंचे यजमान श्यामराव त्याचीच वाट बघत उभे होते. सुनीतीला आतून दिसत होतं. श्यामरावांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले, कानाशी काहीतरी सांगितलं, पाठीवर थाप दिली. भालचंद्रने एक बूट काढला होता. तो तसाच एका पायावर उभा राहिला. मग त्याने बूट पुन्हा घातला, नाडी न बांधता, आणि आत न येताच जिना उतरून गेला.

दहा मिनिटं ती दाराकडे बघत बसली.

मग खाली भोंगा वाजला. श्यामरावांनी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, "आठल्यांनी टॅक्सी आणलीय."

* * *

भालचंद्रने आजवर टॅक्सी एकदाच केली होती, लग्न होऊन दोघं हावड्याला उतरले तेव्हा. आज त्याने मागचं दार उघडून धरलं होतं. सीट स्वतःच्या रुमालाने झटकली.

"मधे बस. कडेला धक्के लागतात."

ती बसली. मांडीवर तांदळाने भरलेला पदर, त्यात नारळ. टॅक्सी गरियाहाटच्या गर्दीतून सुटली. तो खिडकीबाहेर बघत होता, पण त्याच्या गुडघ्यावरची बोटं आपसांत काहीतरी बोलत होती. त्याला असं तिने फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आईला आजच पत्र टाकू?" तो म्हणाला. "की थांबतात काही दिवस? मला ठाऊक नाही काय रीत असते."

सुनीतीने नारळाची शेंडी घट्ट धरली.

"अहो. काकूंनी सांगितलं ते खरं नाही."

त्याने मान वळवली नाही.

"मी सांगणार होते त्यांना. सांगितलं नाही. चूक माझी."

एक ट्रॅम घंटा वाजवत बाजूने गेली. एक चौक गेला, आणखी एक गेला. बोटं थांबली होती. भालचंद्रने वाकून बुटाची सुटी नाडी बांधली, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. वर आला तेव्हा त्याचा आवाज रोजचा होता.

"मग तिथे हात का धरलायस?"

तिने सांगितलं. केबल जळाल्याचं, थर्मास फुटल्याचं. सोमवारचं. दोन अर्धुकांचं सांगताना ती अडखळली, कारण हे ती पहिल्यांदाच कुणाला मराठीत सांगत होती, आणि त्यासाठी तिच्याजवळ घरातलेच शब्द होते: ढग, घोंगडी, पोरं. तो ऐकत होता की नव्हता, कळत नव्हतं.

"जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"सकाळी होतं."

"किती ऊब लागते?"

"एकोणचाळीस. माझ्या अंगाची पुरत नाही."

"तुझे हात नेहमीच गार असतात," तो म्हणाला. जरा थांबून त्याने तळहात पुढे केला. "आण इकडे."

"अहो, डुकराचं आहे ते."

"ठाऊक आहे. चार वर्षं ठाऊक आहे."

तिने रुमाल सोडला, कापूस काढला आणि नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरून पाहिली. दिसण्यासारखं काहीच नव्हतं, तळाशी थोडं पाणी, वर तेलाचा पातळ थर. त्याने शर्टाची वरची दोन बटणं काढली, जानवं बोटाने बाजूला सारलं, नळी काखेत उभी धरली आणि दंड घट्ट मिटून घेतला.

"अजून काय करायचं असतं?"

"हलू द्यायचं नाही."

"आस्ते चलो, भाई," तो ड्रायव्हरला म्हणाला.

खिदिरपूरला गोदीचा पूल उचललेला होता. एक जहाज आत येत होतं, त्यामुळे सगळी वाहनं थांबली. टॅक्सीत उकडत होतं. भालचंद्रच्या कपाळावरून घामाची एक धार निघून भुवईत शिरली. ती त्याने पुसली नाही. तो फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला होता, डावा हात छातीशी बांधून, नजर समोर. सुनीतीने आपल्या रुमालाने त्याचं कपाळ टिपलं.

ड्रायव्हर बिहारी होता, वयस्क. तो बराच वेळ आरशातून बघत होता.

"बाबूजी," शेवटी त्याने विचारलं, "बुखार है क्या?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेला भालचंद्र जरा विचारात पडला.

"है," तो म्हणाला. "थोडा कम पड़ रहा है."

जहाज अजून जात होतं. त्याने उजवा हात पुढे करून आपल्या बाजूच्या खिडकीची काच वर चढवली, वारा लागू नये म्हणून.